टेलिव्हिजनच्या आद्य कलावंतांची साक्ष

बखर आणि अस्सल कागद यांत इतिहासकार कागदाला अधिक मान देतो, हें श्रोत्यांना ठाऊकच आहे. परंतु कागदच उरला नसेल तर? अमेरिकेंतील टेलिव्हिजनच्या पहिल्या दशकाचा इतिहास लिहूं जाणाऱ्याची नेमकी हीच अडचण होते. काळ फार जुना नव्हे; तरीही त्याची पुष्कळशी हकीकत त्या वेळच्या नटांच्या, लेखकांच्या व तंत्रज्ञांच्या तोंडूनच ऐकावी लागते.

याचें कारण यंत्रांत आहे. चित्र साठविणारी व्यवहारोपयोगी चुंबकीय फीत ॲम्पेक्स कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणली. तोंपर्यंत न्यूयॉर्कमधील नाटकें, विनोद, गाणीं हीं बहुतेक घडत असतांनाच प्रक्षेपित होत. घडलीं कीं संपलीं. नट वाक्य विसरला तर तें हजारों घरांत विसरलेलें दिसे! दूरच्या केंद्रांसाठीं टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून त्या चित्राचेंच पुन्हा चित्र घेत. यालाच किनेस्कोप म्हणत. प्रत अंधुक निघे, आणि एकदां दाखविल्यावर तिची कोणास फारशी पर्वा नसे.

हा अंधुकपणा एका जोडप्याच्या मात्र पथ्यावर पडला. ल्युसिल बॉल व त्यांचे पति डेझी आर्नाझ यांनीं १९५१ मध्यें ‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका हातीं घेतली. पूर्वेकडील प्रेक्षकांना स्वच्छ चित्र दिसावें म्हणून प्रयोग न्यूयॉर्कहून व्हावेत, असा खर्च सोसणाऱ्या सिगारेट-कंपनीचा आग्रह होता. उभयतांना हॉलिवुड सोडावयाचें नव्हतें. आर्नाझ यांनीं १९७६ सालच्या आत्मचरित्रांत ही तडजोड सांगितली आहे. प्रयोग प्रेक्षकांसमोरच, पण तीन कॅमेऱ्यांनीं सिनेमाच्या फिल्मवर घ्यावयाचा. खर्च वाढतो म्हणून त्यांनीं वेतन कमी घ्यावें, व त्याच्या मोबदल्यांत चित्रफितींची मालकी त्यांच्या कंपनीकडे राहावी. छायाचित्रणाची बाजू कार्ल फ्रॉइंड यांनीं सांभाळली; जर्मनींत ‘मेट्रोपोलिस’च्या चित्रणांत ज्यांचा हात होता, तेच हे. आत्मचरित्रांत स्वतःचें कौतुक थोडें अधिक असावयाचेंच; पण त्या कामाची परीक्षा आपण स्वतः करूं शकतों. चित्रफिती जाग्यावर आहेत.

ईडी ॲडम्स या नटीची साक्ष निराळ्या जातीची. ड्युमाँट ही प्रक्षेपणसंस्था १९४६ पासून दहा वर्षें चालली व बंद पडली. जॅकी ग्लीसन यांचे ‘हनीमूनर्स’ हे विनोदी प्रवेश १९५१ मध्यें प्रथम तिच्यावरच दिसले. ॲडम्सबाई व त्यांचे पति, विनोदी नट अर्नी कोव्हॅक्स, यांनींही तेथें काम केलें. १९६२ मध्यें कोव्हॅक्स मोटारीच्या अपघातांत गेले. त्यांच्या कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात आहेत असें कळतांच, उरलेल्या फिती बाईंनीं पदरचे पैसे मोजून विकत घेतल्या.

याच बाईंनीं १९९६ मध्यें काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या मंडळापुढें सांगितलें कीं, १९७० नंतरच्या वर्षांत ड्युमाँटचा साठा एका मध्यरात्रीं तीन मोठ्या मालमोटारींत भरला, पडावावर चढविला आणि न्यूयॉर्कच्या उपसागरांत बुडविला! साठ्याचा सांभाळ कोणीं करावा, या वादाचा निकाल एका वकिलानें असा लावला म्हणे. ही गोष्ट बाईंनीं डोळ्यांनीं पाहिलेली नव्हे, ऐकलेली. काटेकोर इतिहासकार ती ऐकीव म्हणून बाजूला सारील. मला तसें करवत नाहीं. साठा बहुतांशीं नाहींसा झाला हें तर खरेंच. आणि फिती कशा नाहींशा होतात, हें त्या बाईंइतकें कोणाला ठाऊक असणार?

अशा साक्षी वेळींच टिपून ठेवाव्यात म्हणून टेलिव्हिजन अकादमीच्या प्रतिष्ठानानें १९९७ सालीं मुलाखतींचा एक संग्रह सुरू केला. त्यांत नट-दिग्दर्शकांबरोबर पडद्यामागचे लोकही तासन्‌तास बोललेले आहेत.

आणि, श्रोतेहो, कधीं कधीं अस्सल कागदही अवचित हातीं लागतो. ‘हनीमूनर्स’चे १९५२ नंतर सीबीएस या संस्थेवर झालेले पुष्कळ प्रवेश कायमचे गेले, असेंच लोक धरून चालले होते. १९८५ मध्यें ग्लीसन यांनीं सांगितलें कीं, त्यांचे किनेस्कोप इतकीं वर्षें आपल्यापाशींच जपून ठेवलेले आहेत.