वाळूतला फटका : बंकर आणि हौशी खेळाडूचा स्विंग

गोल्फच्या बाकी सगळ्या फटक्यांत क्लब चेंडूला लागतो. ग्रीनलगतच्या बंकरमधल्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातल्या, साध्या फटक्यात मात्र तो चेंडूला लागता कामा नये. क्लब चेंडूच्या मागे वाळूत शिरतो, चेंडूखालचा थर पुढे ढकलतो आणि तो थरच चेंडूला बाहेर नेतो. हौशी खेळाडूंना हे ऐकून माहीत असते, पण मनाला पटलेले नसते. त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. म्हणून विवेचनाची सुरुवात वाळूपासून करू.

नियमानुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. आता फटक्याने पडलेला चर अंदाजाने मोजा. तो २० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद आणि सरासरी दीड सेंमी खोल धरला, तर २४० घन सेंमी वाळू हलली. कोरड्या वाळूची घनता दर घन सेंमीला १.६ ग्रॅम धरल्यास तिचे वजन ३८४ ग्रॅम होते, म्हणजे चेंडूच्या आठपटींहून जास्त. शिवाय घट्ट बसलेल्या वाळूचे कण एकमेकांवरून सरकण्याआधी थर थोडा फुगावा लागतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हा गुणधर्म मांडला. क्लबला जाणवणारा विरोध त्यामुळे आणखी वाढतो. दहा-बारा मीटरवर चेंडू टाकायलाही बंकरमध्ये एवढा मोठा स्विंग का लागतो, याचे उत्तर या हिशोबात आहे. जवळचे अंतर पाहून खेळाडू हात आखडता घेतो, क्लब वाळूतच थांबतो आणि चेंडू जागच्या जागी राहतो.

दुसरा प्रश्न हत्याराचा. अमेरिकेचा जीन साराझेन १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकला, तेव्हा त्याच्याकडे स्वतः घडवलेला सँड वेज होता. जुन्या क्लबच्या तळाला धातूची भर घालून त्याने तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली आणली होती. या रचनेला बाऊन्स म्हणतात. आजच्या सँड वेजचा लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा, म्हणजे फेसचा कल) ५४ ते ५६ अंशांच्या आसपास आणि बाऊन्स साधारण १० ते १४ अंश असतो. शेतकऱ्याला हा फरक चटकन कळेल: पुढची कड नांगरासारखी खोल जाते, तर बाऊन्स वखरासारखा वरचा थर कापत सरकतो. फेस उघडला, म्हणजे आणखी वर वळवला, की बाऊन्स कामाला येतो. पण आधी फेस उघडायचा आणि मग पकड घ्यायची. पकड घेऊन नंतर मनगटे वळवली, तर स्विंगमध्ये फेस पुन्हा मिटतो.

उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू पावलांच्या मध्यापासून थोडा डावीकडे घ्यावा, पाय वाळूत किंचित रोवावेत, वजन डाव्या पायावर जास्त ठेवावे आणि ते तिथेच राहू द्यावे. चेंडूमागे चार-पाच सेंमीवर वाळूत शिरावे आणि फॉलो-थ्रू पूर्ण करावा. अंतर कमी-जास्त करायचे ते स्विंगच्या लांबीने आणि वेगाने. शिरण्याची जागा बदलून नव्हे. डावा पाय खूप मागे घेऊन उभे राहण्याचा जुना सल्ला हौशी खेळाडूने जपून पाळावा, असे मला वाटते. त्याने दिशा आणि फेस या दोन्हींचा गोंधळ होतो.

हे झाले कोरड्या, भुसभुशीत वाळूचे. पावसाळ्यात वाळू दबून टणक होते आणि उघडलेला बाऊन्स तिच्यावर आपटून उसळतो. मग कड थेट चेंडूच्या पोटाला लागते आणि चेंडू ग्रीनपार जातो. अशा वेळी फेस कमी उघडावा आणि स्विंग आखूड ठेवावा. चेंडू वाळूत रुतला असेल, तर फेस सरळ ठेवून कड खोल जाऊ द्यावी. पण असा चेंडू कमी फिरकी घेऊन पडतो आणि जास्त पळतो, हे धरून चालावे.

नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या माणसाने हा सराव कुठे करावा? नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानाला लोक गोल्फ क्लब मैदान म्हणतात, पण तिथे रणजीचे क्रिकेट सामने होतात. १९२७ चा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि येरवड्याचा पूना गोल्फ क्लब लांब पडतात. वाळू मात्र लांब नाही. गावच्या मोसम नदीचे पाणी ओसरल्यावर पात्रात जिथे वाळू उघडी पडते आणि माणसा-जनावरांची ये-जा नसते, तिथे क्लबने एक रेघ ओढा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. चर रेघेच्या मागे सुरू झाला, तर चेंडू वर उचलायच्या धडपडीत वजन उजव्या पायावर राहिले आहे. ही धडपड गवतावर लोखंडी क्लब मारतानाही दिसते: स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू मागे पडतो आणि क्लब आधी जमिनीला लागतो. त्यामुळे रेघेच्या या सरावाने बंकरबरोबर सगळा स्विंग सुधारतो.

सामन्यात मात्र बंकरमध्ये अशी रेघ ओढता येत नाही. फटक्याआधी वाळू तपासण्यासाठी, सरावाच्या स्विंगमध्ये किंवा चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवला, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो. २०१९ च्या नियमांनी वाळूवरची सुटी पाने-काड्या उचलायला मुभा दिली. चेंडू खेळण्याजोगा नसेल, तर दोन फटके सोसून बंकरबाहेर, मागच्या बाजूला चेंडू टाकण्याचीही सोय केली. समोरची कड उंच असेल, तर बाजूला किंवा मागे मारून बाहेर पडण्यात काहीही कमीपणा नाही.

सरावाला आधी फक्त रेघ, मग रेघेपुढे चार-पाच सेंमीवर चेंडू, हा क्रम पाळा. चर सलग रेघेवरच सुरू होईपर्यंत चेंडू पिशवीतून काढू नका.