वार्धक्यातील झोप आणि औषधाची बाटली

घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तक्रारींत झोपेची तक्रार बहुधा पहिली असते. आजोबा साडेआठलाच अंथरुणावर पडतात, अकराच्या सुमारास जागे होतात, दोनदा उठून पाणी पितात, तीनचे टोले ऐकतात, आणि घरची मंडळी साखरझोपेत असताना एकटेच आढ्याकडे पाहत पडून राहतात. सकाळी सूनबाईंनी विचारले तर उत्तर ठरलेले : "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." मग शेजारचे कोणीतरी एका गोळीचे नाव सांगतात, मुलगा ती आणतो, आणि आठ दिवसांपुरती म्हणून आणलेली गोळी आठ वर्षे उशाशी ठाण मांडून बसते. अशा औषधांचा इतिहास दीडशे वर्षांहून थोडा अधिक आहे. त्यांच्यावाचून झोप आणण्याचे जे शास्त्र गेल्या पन्नासएक वर्षांत उभे राहिले, त्याची हकीकत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

झोपेसाठी उपाय शोधण्याची खटपट बाटलीहून पुष्कळच जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप उडाली असता काय करावे याची यादी आहे, आणि ती वाचताना एखाद्या सुखवस्तू घरातील संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. अंगाला तेल, उटणे, स्नान, दूध, दहीभात, अंग चेपणे, मनाला रुचतील असे गंध आणि शब्द, चांगली शय्या आणि निजण्याची योग्य वेळ. एरवी दिवसा झोपू नये असे बजावणाऱ्या या ग्रंथाने वृद्धांना मात्र त्यातून सूट दिली आहे. यादीतील किती उपाय आजच्या कसोटीस उतरतील हा प्रश्न निराळा. झोप ही एखाद्या घोटाने येत नाही, सगळ्या संध्याकाळच्या व्यवस्थेने येते, ही त्यामागील समजूत ध्यानात घेण्याजोगी आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही समजूत मागे पडली. अफूचा अर्क आणि मद्य यांचा उपयोग तेथे पूर्वीपासून होताच. परंतु रसायनशाळेत तयार झालेले पहिले खरे निद्राकारक औषध म्हणजे क्लोरल हायड्रेट. १८३२ मध्ये लीबिख याने ते तयार केले होते आणि पुढे सदतीस वर्षे ते कपाटात पडून होते. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख याने ते झोपेसाठी वापरून दाखविले. शरीरात गेल्यावर या द्रव्याचे क्लोरोफॉर्म होत असावे असा त्याचा तर्क होता. तर्क साफ चुकला, पण औषध लागू पडले; वैद्यकाच्या इतिहासात असे योग थोडे नाहीत. पाहता पाहता ती बाटली घरोघर जाऊन बसली. इंग्रज कवी आणि चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटी हा निद्रानाशासाठी क्लोरल घेऊ लागला. त्याची कडवट चव मारण्यासाठी वर व्हिस्की घेई. १८८२ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला तेव्हा त्याची प्रकृती या दोहोंनी पोखरून काढली होती.

क्लोरलनंतर १९०३ मध्ये एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग यांचे व्हेरोनाल आले आणि त्याच्या मागोमाग बार्बिट्युरेट कुळातील औषधांची रांग लागली. झोपेची मात्रा आणि प्राणघातक मात्रा यांतील अंतर या कुळात धोकादायक इतके थोडे होते. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले, तेव्हा अंतर वाढले म्हणून डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ही नवी औषधे तरुणाला तितकीशी बाधत नसतील. पण वृद्धाच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडतात, सकाळी गुंगी ठेवून जातात, आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाचा तोल घालवितात. १९८७ मध्ये अमेरिकेत वेन रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या हजारावर वृद्धांची औषधे तपासली, तेव्हा ज्यांचा अंमल दीर्घकाळ राहतो अशा झोपेच्या आणि चित्त शांत करण्याच्या औषधांशी या अस्थिभंगाचा संबंध स्पष्ट दिसून आला. म्हातारपणी खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने भोगले आहे त्याला वेगळे सांगावयास नको. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. तीत झोपेच्या औषधांना मानाची, किंवा अवमानाची म्हणा, जागा मिळाली.

मग औषधावाचून करावयाचे तरी काय? या प्रश्नाला उत्तर मिळण्यापूर्वी दुसराच एक प्रश्न सुटावा लागला. म्हाताऱ्या माणसाची झोप असते तरी कशी?

जून १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठातील नॅथॅनिएल क्लाइटमन हा प्राध्यापक ब्रूस रिचर्डसन या आपल्या तरुण विद्यार्थ्याला घेऊन केंटकी संस्थानातील मॅमथ केव्ह नावाच्या प्रचंड गुहेत जाऊन राहिला. तेथे ना सूर्य, ना ऋतू, ना आवाज. २४ तासांचा दिवस मोडून २८ तासांचा करता येतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. १९ तास जागावे, ९ तास अंथरुणावर राहावे, असा ३२ दिवसांचा क्रम. तरुण रिचर्डसन एका आठवड्यात रुळला. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनच्या शरीराचे तापमान मात्र शेवटपर्यंत जुन्याच २४ तासांच्या घड्याळाने चढत-उतरत राहिले, आणि नव्या वेळापत्रकाप्रमाणे त्याला धड झोप लागली नाही. दोन माणसांवरून सिद्धांत बांधता येत नाही. शरीराच्या आत स्वतःचे घड्याळ आहे ही कल्पना मात्र पुढे पक्की ठरली. हे घड्याळ उतारवयात पुढे सरकते, म्हणजे पेंगही लवकर येते आणि जागही लवकर येते, आणि अगदी गाढ झोपेचा भाग वयाबरोबर घटत जातो, हेही मेंदूतील विद्युल्लहरींच्या आलेखांवरून कळून आले.

इतिहासकारांनीही या विषयाला हात घातला. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये जुन्या युरोपातील कोर्टाची कागदपत्रे, रोजनिश्या आणि वैद्यकीय ग्रंथ यांच्या आधारे दाखवून दिले, की दिव्यांचा झगमगाट सुरू होण्यापूर्वी तेथील पुष्कळ लोक 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' अशा दोन हप्त्यांत झोपत. मधल्या तासाभरात कोणी प्रार्थना करी, कोणी शेजारच्याशी बोले, कोणी चूल सारखी करून येई. मध्यरात्रीच्या जागेची कोणाला धास्ती वाटत नसे. हा नियम अखिल मानवजातीला लावण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथील तीन विजेवाचून राहणाऱ्या समाजांची २०१५ मध्ये पाहणी झाली, तेव्हा तेथे असे दोन हप्ते नेहमीचे आढळले नाहीत. त्याहून मौजेची गोष्ट टांझानियातील हाद्झा या शिकारी लोकांत दिसून आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेहतीस प्रौढांच्या मनगटाला वीस दिवस यंत्रे बांधली होती. त्या साऱ्या अवधीत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपले होते अशी मिनिटे भरली अवघी १८! वयस्क मंडळी लवकर निजून लवकर उठत, तरुण मंडळी उशिरा निजत, आणि त्यामुळे वस्तीवर कोणाचा तरी डोळा नेहमी उघडा असे. आजीआजोबांची हलकी झोप ही एके काळी वस्तीची राखण असावी, असा अंदाज संशोधकांनी केला आहे. महाराष्ट्रातील काकडआरतीला आणि पहाटेच्या भूपाळ्यांना वृद्ध मंडळीच पुढे कशी असत, याचा उलगडा केवळ भक्तीनेच करावा असे नाही!

म्हणजे म्हाताऱ्याची झोप हलकी होणे, लवकर मोडणे, हा सर्वस्वी रोग नव्हे. परंतु एवढ्याने तक्रार संपत नाही. तासन् तास तळमळत पडावे लागणे आणि दुसरा दिवस मरगळीत जाणे, हे दुःख खरे आहे. त्यावरचा उपाय १९७२ मध्ये शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी सुचविला. त्यांची दृष्टी पावलॉव्हच्या कुत्र्यांकडे होती. घंटेबरोबर अन्न मिळत गेले की नुसत्या घंटेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याप्रमाणे ज्याने अंथरुणावर महिनोन् महिने फक्त काळजी केली, त्याच्या मनात अंथरूण आणि जागरण यांची गाठ पडते. आरामखुर्चीत वर्तमानपत्र हातात घेऊन छान पेंगणारे आजोबा गादीवर पडताच टक्क जागे होतात, याचे इंगित हेच. बूटझिन यांचे नियम अगदी साधे होते. झोप डोळ्यांवर आल्याखेरीज आडवे होऊ नये. अंथरुणावर बसून वाचन, जेवण, हिशेब करू नयेत. दहापंधरा मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि पेंग आली म्हणजेच परत यावे. पुन्हा तसेच झाले तर पुन्हा उठावे. सकाळी मात्र, रात्र कशीही गेलेली असो, एका ठराविक वेळी उठावे आणि दिवसा झोपू नये.

घरोघर वृद्धांना जो उपदेश केला जातो तो नेमका याच्या उलट असतो. "झोप नाही आली तर नुसते पडून राहा, तेवढीच विश्रांती!" मायेने दिलेला हा सल्ला गाठ अधिकच घट्ट करतो.

न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये पुढचे पाऊल टाकले, आणि ते ऐकणाऱ्याला प्रथम क्रूर वाटते. निद्रानाशाच्या रोग्याला त्यांनी अंथरुणावर कमी वेळ राहावयास सांगितले! हिशेब मोठा सरळ आहे. साडेआठ ते साडेपाच हे नऊ तास झाले. झोप मिळते सहा तास. उरलेले तीन तास तळमळीचे, आणि झोपही त्या नऊ तासांत पातळ पसरलेली. तेव्हा अंथरूण सहा तासांपुरतेच ठेवावे, म्हणजे साडेअकराला निजून साडेपाचला उठावे. पहिले काही दिवस जड जातात. मग साचलेली झोप आपले काम करते आणि तुकडे सांधले जातात. अंथरुणावरच्या वेळापैकी नव्वद टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटे वाढवावयाची, आणि असे हळूहळू पुढे सरकावयाचे. फेफरे असणाऱ्यांनी, उन्मादाचा विकार झालेल्यांनी किंवा आधीच तोल जात असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. तसेच घोरताना श्वास अडणे, रात्री वारंवार लघवीला जावे लागणे, सांधेदुखी यांचा शोध आधी घेतला पाहिजे. तेथे दोष झोपेचा नसतोच. जे वर्षानुवर्षे गोळी घेत आले आहेत त्यांनी ती एकदम फेकून देणेही घातक आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याला थोडी थोडी कमी करीत सोडावी लागते.

गोळी आणि दिनचर्या यांचा सामना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार्ल्स मोरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी पासष्ट वर्षांच्या ७८ स्त्रीपुरुषांचे चार गट केले. एकाला वरील नियम आणि झोपेविषयीच्या खोट्या समजुती दूर करणारे पाठ, दुसऱ्याला टेमाझेपाम हे औषध, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. आठ आठवड्यांनंतर मध्यरात्रीच्या जागरणाचा वेळ पहिल्या गटात ५५ टक्क्यांनी, औषधाच्या गटात साडेशेहेचाळीस टक्क्यांनी आणि दोन्ही घेणाऱ्यांत साडेत्रेसष्ट टक्क्यांनी घटला. पोकळ गोळीने सुमारे १७ टक्के. येथपर्यंत औषधाची फार नामुष्की झाली नव्हती. पण दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा नुसती दिनचर्या शिकलेल्यांनी मिळविलेले टिकविले होते आणि नुसत्या गोळीवाल्यांचे हातचे निसटले होते. त्याच वर्षी गुहेत राहून आलेला क्लाइटमन १०४ वर्षांचा होऊन निवर्तला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने जुनाट निद्रानाशात पहिला उपाय म्हणून औषधाऐवजी हीच पद्धती योजावी, असा सल्ला दिला.

भारतातील एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. २००५ मध्ये बंगळूरच्या मंजुनाथ आणि शर्ली टेलिस यांनी वृद्धाश्रमातील ६९ जणांवर योगासने-प्राणायाम आणि आयुर्वेदीय रसायन यांचा परिणाम अजमाविला. सहा महिन्यांनी योगाच्या गटाला झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे कमी लागू लागली आणि एकूण झोप तासाभराने वाढली; रसायनाच्या गटात तसा फरक दिसला नाही. आकडे रहिवाशांनी स्वतः सांगितलेले होते, हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष मोलाचा वाटतो.

मोरँ यांच्या पद्धतीत एक अडचण होती. आठवड्यामागून आठवडे शिकविणारी तज्ज्ञ माणसे आणावयाची कोठून? पिट्सबर्ग विद्यापीठातील मंडळींनी २०११ मध्ये ही अडचण सोडविली. सरासरी बहात्तर वर्षांच्या ७९ वृद्धांपैकी निम्म्यांना एका प्रशिक्षित परिचारिकेने समक्ष भेटून हेच चार नियम समजावून दिले, प्रत्येकाची निजण्या-उठण्याची वेळ ठरवून दिली आणि मागाहून टेलिफोनवर चौकशी केली. उरलेल्यांना झोपेविषयी चांगली छापील माहिती दिली. चार आठवड्यांनी पहिल्या गटातील १०० पैकी ५५ जणांचा निद्रानाश गेला होता, छापील माहिती मिळालेल्यांपैकी १३ जणांचा. त्या छापील कागदांत चुकीचे काही नव्हते. परिचारिकेने प्रत्येकाची भेट घेतली होती दोनदा, आणि टेलिफोनही केले होते दोनच.