एक गडी आणि संघाचें भाग्य

हुतुतूचा डाव मांडावयाचा म्हणजे प्रथम गडी वाटून घ्यावयाचे, ही हिंगोलीकडील खेड्यांतून चालत आलेली रीत. दोन नायक आळीपाळीनें एकेक नांव घेतात. अशीच वांटणी अमेरिकेंतील व्यावसायिक संघांनीं नियमबद्ध केली; तेथील फुटबॉलमध्यें १९३६ सालीं, तर बास्केटबॉलमध्यें १९४७ सालीं. गत हंगामांत दुबळा ठरलेल्या संघास नवोदितांच्या निवडींत अग्रक्रम द्यावा, हें तिचें तत्त्व. बास्केटबॉलमध्यें १९८५ पासून त्यास सोडतीचीही जोड मिळाली.

हा हेतु बास्केटबॉलमध्यें पुष्कळ अंशीं साधतो. मैदानावर गडी पांचच. उत्तम खेळाडू बहुतेक वेळ आंत राहून चढाई व बचाव दोन्ही सांभाळतो. सॅन अँटोनियोच्या संघानें १९९६-९७ मध्यें ८२ पैकीं २० सामने जिंकले. पहिल्या निवडीनें टिम डंकन आला, जखमी डेव्हिड रॉबिन्सन परतला, आणि पुढील हंगामांत विजय ५६ झाले. १९९९ सालीं अजिंक्यपदही लाभलें. अमेरिकन फुटबॉलमध्यें मात्र अकरा गडी, आणि चढाईचे निराळे व बचावाचे निराळे. तेथें एकाचा प्रभाव सहजच विभागला जातो.

आतां आपली कबड्डी पाहूं. गडी सात, म्हणजे पांचांच्या जवळचे. प्रो कबड्डी २०१४ सालीं सुरू झाली. तेथें प्रमुख गडी लिलावानें घेतात. २०२३ सालीं तेलुगू टायटन्सनें पवन सेहरावत यास २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम देऊन घेतलें, आणि तो संघ शेवटच्या स्थानीं राहिला. आदल्या हंगामांत हाच गडी तमिळ थलायवाजकडून पहिल्याच सामन्यांत जखमी झाला. तरी त्याच्यावांचून तो संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला!

कारण खेळाच्या नियमांतच आहे. बाद झालेला गडी बाहेर बसतो. साथीदारांनीं प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावांचून तो परतत नाहीं. १ मार्च २०२४ रोजीं पुणेरी पलटण अजिंक्य ठरली. तिनेंही महमदरझा शादलूई यास २ कोटी ३५ लाखांस घेतलें होतें; परंतु अस्लम इनामदार, मोहित गोयत यांसारखे तरुण तेथें आधींपासून एकत्र खेळत होते.

शालेय स्पर्धांना संघ पाठविणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. एका चढाईपटूवर भिस्त ठेवून इतर सहांस पकडीचा सराव न देणें हा त्या सहांवर अन्याय तर आहेच. शिवाय तो एकटाही त्यामुळें अर्धा सामना रेषेबाहेर बसून राहतो.