दाखल्यावरचे औषध: रायगड किनाऱ्यावरील मोफत उपचारांची पात्रता

रायगडच्या किनाऱ्यावर सरकारी औषध मोफत कोणाला मिळावे, याचा निर्णय गेल्या दीडशे वर्षांत कधी रुग्णाच्या गावावरून, कधी त्याच्या रोगावरून आणि कधी त्याच्या हातातील कागदावरून झाला. पहिले दोन निकष जुने आहेत, तर कागदाचा निकष विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रबळ झाला. आणि तो प्रबळ झाल्यानंतर त्यातून सर्वप्रथम सरसकट सुटका झाली ती गरोदर स्त्रीची. ही सुटका तिला का मिळाली आणि इतर रुग्णांना इतकी उशिरा का मिळाली, हे समजण्यासाठी या तिन्ही निकषांचा माग घ्यावा लागतो.

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाल्यानंतर काही दशके इतर जिल्ह्यांच्या अंकित असलेला हा मुलूख १८६९ मध्ये कुलाबा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला (आजचे रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे) आणि अलिबाग हे त्याचे मुख्य ठाणे ठरले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा झाला. लोकल फंड म्हणजे जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवून उभा केलेला स्थानिक निधी. १८८४ च्या कायद्याने हा निधी जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डांच्या हाती आला, आणि रस्ते, शाळा, धर्मशाळा यांच्याबरोबर दवाखान्यांचा खर्चही बोर्डांकडे गेला. या दवाखान्यांना धर्मार्थ म्हणत. तेथे गरिबांना औषध फुकट आणि ऐपतदारांनी काही वर्गणी द्यावी, अशी अपेक्षा असे. गरीब कोण, हे ठरवण्यासाठी दाखला लागत नसे. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून डॉक्टर किंवा कंपाउंडर ते ठरवी. ही पद्धत लहरी होती यात शंका नाही, परंतु तिच्यात अर्जदाराला परत पाठवण्याचे कारण क्वचितच कागदाचे असे. खरे कारण अंतराचे असे. खाड्यांनी तुटलेल्या या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने तरी आणि होड्या बंद पडत, आणि दवाखाना असलेले गाव दृष्टीच्या टप्प्यात असूनही पोहोचण्याच्या पलीकडे जाई. मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हा दक्षिणेचा पट्टा तर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या अमलाखाली असल्यामुळे कुलाब्याच्या लोकल बोर्डाच्या कक्षेतच येत नव्हता.

दुसरा निकष रोगाचा. देवीची लस मुंबईत १८०२ मध्ये पोहोचली आणि पुढे सरकारी देवी डॉक्टर गावोगाव फिरून ती टोचू लागले. येथे ऐपतीचा प्रश्न सरकारने विचारला नाही, कारण श्रीमंताच्या घरची देवी गरिबाच्या घरी आणि तेथून परत येते हे सर्वांना कळत होते. हिवतापावरील क्विनीनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून नाममात्र किमतीत विकण्यामागेही हाच हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर कुष्ठरोग, क्षयरोग आणि हिवताप यांची औषधे उत्पन्न न पाहता मोफत देण्यात आली. या यादीची ब्रिटनमधील यादीशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९५२ मध्ये प्रत्येक औषधचिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसवला, १९६५ मध्ये तो रद्द केला आणि १९६८ मध्ये पुन्हा लागू करताना काही दीर्घ आजारांच्या रुग्णांना तसेच गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना त्यातून माफी दिली. ही माफी प्रमाणपत्रावर मिळते. औषधावर असलेला मधुमेह, अपस्मार, थायरॉइडची कमतरता असे जन्मभर औषध लागणारे आजार त्या यादीत आले, दमा मात्र आला नाही, आणि कर्करोगाची भर पडायला २००९ साल उजाडले. त्या यादीच्या मुळाशी रुग्णाचा खर्च होता, तर भारतीय यादीच्या मुळाशी इतरांना असलेला धोका. म्हणूनच रायगडच्या किनाऱ्यावरील क्षयरोग्याला गोळ्या घरपोच मिळू लागल्या तरी मधुमेही किंवा रक्तदाबाचा रुग्ण दीर्घकाळ आपल्या खिशातूनच औषध घेत राहिला. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला.

बाळंतपणाच्या हक्काला मात्र आरंभापासून दाखल्याची सोबत होती. मुंबई विधिमंडळाने १९२९ मध्ये केलेला प्रसूती लाभ कायदा हा भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. त्याच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंब्याचे भाषण केले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलणे योग्य ठरेल, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. याच कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या तळ्यावर त्यांनी केलेल्या सत्याग्रहाला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष लोटले होते. परंतु तो कायदा कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. पेण आणि उरणच्या मिठागरांत डोक्यावरून मीठ वाहणारी, खारेपाटातील भातशेतीत लावणी करणारी किंवा जेट्टीवर मासळी निवडून बाजारात नेणारी कोळीण, यांपैकी कोणीही त्याच्या व्याख्येत बसत नव्हती. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला आणि पुढे त्याच्या कुटुंबाला औषधोपचारांचा हक्क दिला, गर्भारपणाचा दाखला, अपेक्षित प्रसूतीचा दाखला, प्रसूतीचा दाखला अशी कागदपत्रांची साखळीही ठरवून दिली. पण तोही हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठीच. रसायनी आणि थळ येथे मोठे रासायनिक कारखाने उभे राहिल्यानंतरही किनाऱ्यावरील बहुसंख्य स्त्रियांचे श्रम हजेरीपटाबाहेरच राहिले.

गरिबीच्या दाखल्याचे खरे युग सुरू झाले ते १९९० नंतर. गंभीर शस्त्रक्रियांसाठी राज्याने १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आणली आणि तिची पात्रता दारिद्र्यरेषेशी जोडली. १ मे १९९९ पासून शिधापत्रिकांना तीन रंग आले: वार्षिक पंधरा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळी, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक उत्पन्नाला पांढरी. धान्यासाठी ठरवलेला हा रंग पाहता पाहता रुग्णालयाच्या खिडकीवरील ओळखपत्र बनला. २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात उत्पन्न न विचारता घर, जमीन, कपडे, शौचालय, घरातील वस्तू, शिक्षण, कर्ज अशा तेरा मुद्द्यांवर शून्य ते चार गुण देण्यात आले आणि एकूण बावन्न गुणांपैकी ज्याला कमी गुण मिळाले ते कुटुंब गरीब ठरले. ही गुणपत्रिका कोकणाला कधीच नीट लागू पडली नाही. येथील पाऊस असा की अत्यंत गरीब माणसालाही कर्ज काढून कौले घालावी लागतात. मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाने पाठवलेला जुना दूरदर्शन संच घरात असतो. आणि होडीत एक वाटा असलेला मच्छीमार कागदावर मालक ठरतो, मग त्या होडीवरील कर्ज कितीही असो. उलट बाजूने, जिल्ह्यातील कातकऱ्यांची अडचण गुणांची नव्हती, यादीत नाव येण्याचीच होती. अतिअसुरक्षित आदिवासी गटात गणली जाणारी ही जमात पावसाळा संपताच वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करते, त्यामुळे सर्वेक्षणाच्या दिवशी कुटुंब वाडीवर नसे, आणि ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही त्याला जातीचा, रहिवासाचा किंवा उत्पन्नाचा दाखला मिळवण्यासाठी आणखी दाखले जोडावे लागत. सर्वांत गरजू माणसाजवळच कागद सर्वांत कमी असतो, हा दोष या पद्धतीच्या रचनेतच होता. अधिकाऱ्यांच्या सद्भावनेने तो थोडाफार झाकला जाई, एवढेच.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. पिवळ्याबरोबर केशरी शिधापत्रिकाही ग्राह्य धरून कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार विम्यातून देण्याची ही व्यवस्था होती, आणि केशरी रंगाचा समावेश हे तिचे सर्वांत मोठे पाऊल म्हटले पाहिजे. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मात्र ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची योजना होती, महिन्याच्या औषधांची नव्हे, आणि जिल्ह्यातील मोठी खासगी रुग्णालये पनवेलच्या बाजूला एकवटलेली असल्यामुळे श्रीवर्धन किंवा मुरूडच्या रुग्णाला पात्रतेइतकाच प्रवासाचाही प्रश्न पडे.

या पार्श्वभूमीवर २००५ आणि २०११ मधील दोन केंद्रीय योजनांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत रोख साहाय्य दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती‑जमातींच्या स्त्रियांपुरते होते, शिवाय वय किमान एकोणीस आणि अपत्ये दोनपर्यंत, अशी अट होती. म्हणजे लहान वयात लग्न झालेली किंवा तिसऱ्या खेपेची बाई, जिला धोका अधिक, तीच बाहेर राहत असे. ही अट २०१३ मध्ये काढण्यात आली. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने मात्र सरकारी संस्थेत येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीला उत्पन्न, जात किंवा अपत्यसंख्या न विचारता प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने‑आण मोफत दिली आणि आजारी नवजात बालकालाही त्यात घेतले. माता व बालसंरक्षण कार्ड येथेही असते, परंतु ते लसी आणि तपासण्यांची नोंद ठेवते, पात्रता सिद्ध करत नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत ही मुभा शक्य झाली याचे एक कारण व्यावहारिक होते: तिची अवस्था डॉक्टर स्वतः पाहू शकतो, तिची मुदत ठरलेली असते, आणि घरी होणारी प्रसूती दवाखान्यात आणणे हे सरकारचेच उद्दिष्ट असल्यामुळे दारावर कागद मागणे सरकारलाच परवडणारे नव्हते.

इतर रुग्णांसाठी तशी वेळ १५ ऑगस्ट २०२३ रोजी आली. त्या दिवसापासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसे बंद झाले आणि तपासण्यांसह उपचार सर्वांना निःशुल्क ठरले. शुल्कच नसल्यामुळे त्यातून माफी मिळवण्याचा दाखलाही तेथे निरर्थक झाला. परंतु औषध फुकट असणे आणि औषध कपाटात असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे एकवटल्यानंतर तुटवड्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. साठा नसेल तेव्हा रुग्णाच्या हाती बाहेरची चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठीवर कोणतीही माफी चालत नाही. शिवाय वैद्यकीय शिक्षण विभागाची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात आली नाहीत. रेवसहून भाऊच्या धक्क्यावर किंवा मांडव्याहून गेटवेला उतरून जे. जे. किंवा के. ई. एम. गाठणाऱ्या किनाऱ्यावरील रुग्णाला त्यामुळे शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अजूनही सोबत न्यावा लागतो.