गुन्हा, गुन्हेगार आणि कायदा : शहापूर-मुरबाडच्या इतिहासांतील कांहीं पानें

चोरी, मारामारी, खून हे शब्द कानीं पडतांच गुन्हा म्हणजे काय हें सर्वांना ठाऊकच आहे असें वाटतें. परंतु गुन्ह्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच. पाप निराळें, अनीति निराळी आणि गुन्हा निराळा. खोटें बोलणें हें पाप खरें. पण प्रत्येक खोट्याला राज्य दंड करीत नाहीं. उलट, रानांत गळलेलीं फुलें वेंचून घरीं साठविण्यांत कोणतेंहि पाप नाहीं. तरी एके काळीं ठाणें जिल्ह्यांत त्याबद्दल माणसाला शिक्षा होऊं शकत असे. ज्या कृत्याला कायद्यानें शिक्षा सांगितली तें कृत्य म्हणजे गुन्हा, ही या शास्त्रांतील पहिली व्याख्या.

सदरलँड या अमेरिकन पंडितानें या शास्त्राचा विषय तीन प्रश्नांत सांगितला आहे : कायदे कसे होतात, ते कां मोडले जातात, आणि ते मोडले गेल्यावर समाज काय करतो ? या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यासाठीं मुंबईकरांना फार दूर जावयास नको. ज्या तानसा तलावाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईच्या नळांना येत आहे, तो शहापूर तालुक्यांतच आहे. माहुलीच्या किल्ल्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत शहापूर, आणि नाणेघाट, माळशेज व सिद्धगड यांच्या पायथ्याशीं मुरबाड. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा लोकांची येथें पूर्वापार वस्ती आहे.

प्रथम कायदा कसा होतो तें पाहूं. या मुलुखांत भाताची शेती राबावर चाले. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत जमिनीवर पसरून जाळावयाचें, आणि त्या भाजलेल्या जमिनींत भाताचें रोप करावयाचें, ही येथील जुनी रीत. त्यासाठीं फांद्या तोडणें हें शेतकऱ्याच्या दृष्टीनें नांगरणीइतकेंच साधें काम होतें. पुढें आगगाडीचे रूळ पडले, लांकडाची मागणी वाढली, आणि १८७८ सालीं जंगलाचा नवा कायदा झाला. सरकारनें रानें राखीव केलीं. ज्या कोयत्यानें बाप फांदी तोडीत असे, त्याच कोयत्यानें तीच फांदी तोडणारा मुलगा गुन्हेगार ठरूं लागला. खैराच्या लांकडापासून कात काढणें हा कातकऱ्यांचा धंदा. त्यांच्या जातीचें नांवच त्या धंद्यावरून पडलें. खैर तोडण्यास बंदी होतांच तो धंदा बसला. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं एक जंगल कमिशन नेमावें लागलें.

मोहाच्या फुलांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गरिबाच्या घरीं हीं फुलें अन्न म्हणून उपयोगीं पडत, आणि त्यांची दारूहि गाळली जाई. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. घरगुती भट्टी बंद पडावी म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं खास मोहाचा कायदा करण्यांत आला आणि फुलें बाळगण्यावर निर्बंध आले. त्याच काळीं उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती आणि तिच्यावरील कर सरकारच्या तिजोरींत जमा होत होता ! फूल एकच, एकाच्या हातीं तो माल होता, दुसऱ्याच्या हातीं तो गुन्हा होता.

आतां दुसरा प्रश्न. माणूस कायदा कां मोडतो ? इटलींतील बेकारिया यानें १७६४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, माणूस लाभ आणि हानि यांचा हिशेब करून वागतो; म्हणून शिक्षा क्रूर असण्यापेक्षां ती खात्रीनें व लवकर होणारी असावी. पुढें बेंथॅमनें हाच विचार वाढविला. १८६० सालीं झालेला हिंदी दंडसंग्रह याच परंपरेंतला. तो १८६२ पासून अंमलांत होता. १ जुलै २०२४ रोजीं त्याची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली.

परंतु हिशेबाचा हा सिद्धांत सह्याद्रीच्या कड्यावर अपुरा पडतो. महादेव कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे १८४४ च्या सुमारास बंड करून उठला, तेव्हां पुढें फांशीच आहे हें त्याला दिसत नव्हतें असें नाहीं. त्याचा रोख सावकारांवर होता. त्याच्या टोळीनें सावकारांचीं नाकें-कानें कापलीं, हिशेबाच्या वह्या जाळल्या. १८४८ सालीं तो पंढरपुरास पकडला गेला आणि २ मे रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेला. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १८७४ मध्यें, होन्या केंगले यानें त्याच डोंगरांत त्याच शत्रूविरुद्ध टोळी उभी केली. राघोजीची फांशी कोणी विसरलें नव्हतें. पण कर्जहि फिटलें नव्हतें.

होन्या १८७६ सालीं पकडला गेला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं इटालियन वैद्य लोंब्रोसो याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कित्येक गुन्हेगार जन्मतःच तसे असतात, आणि कवटी, जबडा, कान यांच्या घडणीवरून ते ओळखतां येतात, असें त्याचें मत होतें. गोरिंग या इंग्रज वैद्यानें हजारों कैद्यांचीं मापें घेऊन १९१३ सालीं हें मत खोडून काढलें. लोंब्रोसोच्याहि आधीं, १८६७ सालीं, जर्मन संख्याशास्त्रज्ञ फॉन मायर यानें बव्हेरियांतील आंकडे मांडून दाखविलें होतें कीं, राय या धान्याचा भाव चढला कीं चोऱ्या वाढतात आणि तो उतरला कीं त्या कमी होतात. राघोजी आणि होन्या यांचें कोडें कवटीच्या मापानें सुटत नाहीं. धान्य, कर्ज आणि गहाण पडलेली जमीन यांच्या हिशेबानें तें पुष्कळसें सुटतें.

पुष्कळसें, सर्वस्वीं नव्हे. कर्जानें पिचलेले हजारों होते. शस्त्र घेतलेले थोडे. गुन्हा हाहि सोबत्यांपासून शिकला जातो, हें सदरलँडचें म्हणणें येथें ध्यानांत घ्यावें लागतें. शिवाय नाक कापलेल्या माणसाची वेदना खरीच होती. कारण समजलें म्हणून क्रौर्य क्षम्य होत नाहीं.

तिसरा प्रश्न समाजाच्या वागणुकीचा. १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानें एखाद्या कृत्याला नव्हे, तर सबंध जमातीलाच गुन्हेगार ठरवितां येऊं लागलें. १९११ मध्यें त्याची व्याप्ति वाढून मुंबई इलाखाहि त्याखालीं आला. सोलापूरला तारेच्या कुंपणांत वसाहत उभी राहिली. पाळण्यांतल्या मुलाच्या कपाळीं शिक्का बसे. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९६३ सालीं मांडलें कीं, गुन्हेगारपण हा कृत्याच्या अंगचा गुण नसून इतरांनीं माणसावर मारलेला तो शिक्का असतो. ज्याला कोणी चोर म्हणून कामावर ठेवीत नाहीं, त्याला चोरीवांचून दुसरा मार्ग कितीसा उरतो ? हा सिद्धांत भटक्या जमातींनीं ग्रंथ निघण्याच्या आधीं कित्येक वर्षें भोगला होता.

शिक्का कसा पुसला जातो तेंहि मुरबाड तालुक्यानें पाहिलें आहे. माथेरानचे तरुण वकील भाई कोतवाल यांनीं गरीब शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या आणि शाळा चालविल्या. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले, आणि त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. कायद्याच्या दृष्टीनें हा उघड गुन्हा. त्यांना पकडून देणाऱ्यास सरकारनें बक्षीस लावलें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आज त्याच सिद्धगडावर त्या दिवशीं हुतात्म्यांना वंदन करण्यास लोक जमतात.

कायद्याची बाजू उलटल्याचीं आणखीहि उदाहरणें आहेत. १८५९ च्या एका कायद्यानें उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगांत टाकतां येत असे. १९७६ सालीं वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, आणि उचलीच्या बदल्यांत मजुराला अडकवून ठेवणारा मालक गुन्हेगार ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें आपल्या प्रस्तावनेंतच मान्य केलें. कालचा अतिक्रमण करणारा आज हक्कदार झाला.

म्हणून काय, सर्व गुन्हे केवळ मानण्याचे खेळ आहेत ? तसें नाहीं. खून आणि चोरी यांना बहुतेक सर्व समाजांनीं निषिद्धच मानलें आहे, आणि कायद्याशिवाय दुर्बळाला त्राता नाहीं. परंतु तुरुंगांतील माणसें मोजण्यापूर्वीं कायद्याची रेघ कोणीं, केव्हां आणि कोणाच्या सोयीसाठीं ओढली हें पाहिलें पाहिजे. एखाद्या जमातीचें नांव ऐकतांच घराचें दार लावून घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थानें तर हें आवर्जून पाहावें. राबासाठीं फांदी तोडणारा शेतकरी आणि मोहाचीं फुलें वेंचणारी बाई यांचीं नांवें गुन्ह्यांच्या नोंदवहींत गेलीं. त्यांच्या भुकेची मात्र त्या वहींत कोठें नोंद झाली नाहीं.