आइस्क्रीम, आउटबोर्ड आणि माझी १९७४ ची बोट

ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'अं' काढलेत, बाकी सगळं तेच आहे.

आजचा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. तो बोटीच्या मागे लटकणाऱ्या एका यंत्राचा आहे. आउटबोर्ड मोटर. तारकर्लीला स्पीडबोटीत बसला असाल तर मागे ते उभं, टोपी घातल्यासारखं इंजिन पाहिलं असेल. इंजिन, गिअर आणि पंखा असं सगळं एकाच नगात, आणि तो अख्खा नग बोटीच्या बाहेर. म्हणून आउटबोर्ड.

हा विषय सुचला त्याचं कारण जरा लाजिरवाणं आहे. मागच्या ऑगस्टमध्ये मी माझ्या वडिलांना एका तळ्याच्या मधोमध अडकवलं.

तळ्याच्या मधोमध

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात राहतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या एका आजोबांकडून १६ फुटी फायबरग्लासची स्पीडबोट घेतली. बोट १९७४ ची आणि मागे त्याच सालचं ७० हॉर्सपॉवरचं एव्हिन्रूड. तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक.

बाबा देवगडहून आले होते. त्यांनी उभं आयुष्य मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवलंय. म्हटलं, यांना ओकॉची तळ्यावर नेऊ, कारण माझ्या इंजिनाची गोष्ट त्याच तळ्यावर सुरू झाली असं म्हणतात. गोष्ट मी पाठ करून ठेवली होती. पण मी तोंड उघडायच्या आत बाबाच मागे वळून म्हणाले, "अरे, पाणी मारतंय का हे?"

आउटबोर्ड ज्या पाण्यात चालते तेच पाणी आत खेचून स्वतःला थंड ठेवते. आजच्या इंजिनांत ते पाणी बाजूच्या भोकातून बारीक धारेने पडताना दिसतं. माझ्या जुन्या इंजिनात मागच्या भोकांतून फवारा उडतो. तो नव्हता. वाफ होती. मी लगेच चावी फिरवली आणि सगळं शांत झालं. बोटीत वल्हं एकच होतं.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त वल्हं माझ्याकडे सरकवलं. मग वल्हवता वल्हवता मी त्यांना गोष्ट सांगितली.

विरघळलेलं आइस्क्रीम

ओली एव्हिन्रूडचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. लहानपणीच तो घरच्यांबरोबर विस्कॉन्सिनला आला. शाळा फारशी नाही, पण हात यंत्रांवर बसलेला. कारखान्यांत मेकॅनिक म्हणून काम करत करत तो मिलवॉकीत स्थिरावला. तिथे त्याची बेस कॅरीशी ओळख झाली.

१९०६ च्या सुमारास मित्रमंडळी ओकॉची तळ्यावर सहलीला गेली. उकाडा होता. बेस म्हणाली, आइस्क्रीम हवं. ओली वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला. अंतर अडीच मैल होतं असं सांगतात. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालेलं. घामाघूम ओलीच्या डोक्यात तेव्हा आलं की बोटीला बाहेरून लावता येईल असं इंजिन पाहिजे.

गोष्ट गोड आहे म्हणून पहिल्या शोधाचं श्रेय मात्र ओलीला देऊ नका. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हेने १८८१ मध्येच सीन नदीवर विजेची मोटर बोटीच्या मागे बांधून चालवली होती. डेट्रॉइटचा कॅमेरॉन वॉटरमन पेट्रोलवरच्या आउटबोर्ड ओलीच्या आधीपासून विकत होता. ओलीचं यश वेगळं आहे. त्याने ही वस्तू सामान्य माणसाच्या हातात टिकेल अशी बनवली.

त्याचं पहिलं यंत्र बघून बेस म्हणाली होती की हे तर कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसतंय. १९०९ मध्ये विक्री सुरू झाली. ताकद दीड हॉर्सपॉवर आणि वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. हिशेब, पत्रव्यवहार, जाहिराती हे सगळं बेसने सांभाळलं. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची तिची जाहिरात खूप गाजली.

पुढे बेसची तब्येत ढासळली म्हणून ओलीने कंपनीतला आपला वाटा विकून टाकला. काही वर्षांनी तो पुन्हा मैदानात उतरला, १९२१ मध्ये, दोन सिलिंडरची 'एल्टो' घेऊन. या वेळी त्याने ॲल्युमिनियम भरपूर वापरलं. ताकद दुप्पट झाली, ३ हॉर्सपॉवर, आणि वजन उतरून ४८ पौंडांवर आलं.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, ताकद आणि वजन. आउटबोर्डचा पुढचा सगळा इतिहास या दोन आकड्यांची ओढाताण आहे.

स्पीडबोट कुठून आली?

बोट हळू जाते तेव्हा ती पाणी कापत जाते. पुरेशी ताकद मिळाली की ती पाण्यावर उचलली जाते आणि घसरत पळते. तीच स्पीडबोट. हलक्या मोटरींनी छोट्या बोटींना १९२० च्या दशकात हे शिकवलं. मग स्पर्धा लागली. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफरने विस्कॉन्सिनमध्येच एक बंद पडलेला कारखाना घेतला. ग्राहकाने नापास केलेल्या सुमारे ३०० मोटरी तिथे पडून होत्या. त्याने त्या सुधारून विकल्या. त्यातून उभी राहिली मर्क्युरी. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या बोटी स्वस्त झाल्या आणि १९५८ पर्यंत एव्हिन्रूडची मोटर ५० हॉर्सपॉवरवर पोचली.

ही सगळी इंजिनं टू-स्ट्रोक होती. व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, वजन कमी. पण त्यात एक खोट होती. जळलेला धूर बाहेर जात असतानाच ताजं पेट्रोल आत येतं आणि त्यातलं बरंचसं न जळताच निसटतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनात हे प्रमाण पाव हिश्शापर्यंत किंवा त्याहून जास्त जातं. म्हणजे चार लिटर भरलं तर एक लिटर थेट तळ्यात.

होंडाने १९६४ मध्येच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड काढली होती, पण लोकांना ती जड वाटायची. चित्र बदललं ते १९९६ मध्ये. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नियम केला की नव्या आउटबोर्डचं प्रदूषण २००६ पर्यंत सुमारे ७५ टक्क्यांनी उतरवायचं. फोर-स्ट्रोकचं राज्य आलं. एव्हिन्रूडने २००३ मध्ये थेट इंधन फवारणारं सुधारित टू-स्ट्रोक काढून टिकून राहायचा प्रयत्न केला, पण मे २०२० मध्ये त्यांचं उत्पादन कायमचं थांबलं. तो शेवटचा कारखाना स्टर्टेव्हंट गावात होता, माझ्या घराच्या दक्षिणेला, गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर.

आधी लाकूड बघ

काठाला पोचल्यावर मी जाहीर केलं, "बाबा, आता नवीनच इंजिन घेतो. ९० हॉर्सपॉवरचं." बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने बोटीची मागची भिंत ठोकत गेले. या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन तिच्यावरच लटकतं. वर टकटक असा कोरडा आवाज आला. खाली, इंजिनाच्या बोल्टांपाशी, बद्द बद्द.

"इंजिन नंतर. आधी लाकूड बघ," ते म्हणाले.

मी म्हटलं, बोट फायबरची आहे. पण त्या काळच्या फायबरच्या ट्रान्सममध्ये पोटात प्लायवूड असायचं. बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि बाहेरून चकाचक दिसणारी भिंत आतून कुजते. आम्ही आतल्या बाजूने छोटं भोक पाडलं. भुसा काळा आणि ओला निघाला. त्यावर मी १६० किलोचं इंजिन टांगून पूर्ण वेगात गेलो असतो तर काय झालं असतं, याची कल्पना करा. आणि पुढच्या सीटवर बाबा असते.

म्हणून सांगतो, जुनी बोट तिच्या काळच्या इंजिनासाठी बांधलेली असते. तिच्यासाठी मोटर निवडायची तर हा इतिहास कामाला येतो. कसा ते बघा.

पहिली गोष्ट, पाटी. अमेरिकेत १९७२ पासून २० फुटांखालच्या बोटींवर क्षमतेची पाटी लावतात. माझ्या पाटीवर कमाल ८५ हॉर्सपॉवर लिहिलंय. ९० चा विषय तिथेच संपला.

दुसरी, वजन. माझं जुनं ७० चं इंजिन साधारण ११० किलोचं आहे. आजची ७०-७५ ची फोर-स्ट्रोक ११५ पासून १६५ किलोपर्यंत असतात. एवढा फरक जुन्या बोटीची मागची बाजू खाली दाबतो आणि थांबल्यावर लाट आत येऊ शकते.

तिसरी, जुना हॉर्सपॉवर आणि नवा हॉर्सपॉवर एक नाही. पूर्वी ताकद इंजिनाच्या माथ्यावर मोजत, १९८० च्या दशकात ती पंख्याच्या दांड्यावर मोजायला लागले. मध्ये गिअरमध्ये थोडी ताकद खर्च होते. त्यामुळे १९७४ च्या ७० च्या जागी आजचं ६० सुद्धा बऱ्यापैकी पुरतं, आणि ते हलकं मिळू शकतं.

चौथी, उंची. ट्रान्सम १५ इंचांचा आहे की २० चा, हे टेपने मोजूनच इंजिन घ्या. जुन्या बोटींत १५ बराच दिसतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. इंजिन फार वर बसलं तर पंखा हवा खातो, फार खाली बसलं तर पाण्यात नुसतं ओढलं जातं.

तीस डॉलरचा पंप

मग आमचं इंजिन का तापलं? खालच्या भागात पाण्याचा पंप असतो आणि त्यात रबरी पाकळ्यांचं चाक, इम्पेलर. रबर कडक झालं की पाकळ्या मोडतात. दर दोन वर्षांनी तो बदलायचा असतो. मी तीन वर्षांत हातही लावला नव्हता. किट साधारण ३० डॉलरचं. कंपनी बंद झाली असली तरी सुटे भाग मिळतात, कारण ही इंजिनं गावोगाव पडली आहेत.

नशिबाने मी वेळेत बंद केलं होतं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं, आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आले. जुनं इंजिन विकत घेतानाही हीच तपासणी आधी करा, रंग नंतर बघा.

बाकीची निगा बाबांनी वहीत लिहून दिली. गिअरचं तेल दर वर्षी बदल. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरतंय. पंखा काढून दांड्याला गळाची दोरी गुंडाळली आहे का बघ, ती सील कापते. तेलाचं मिश्रण ५० लिटरला १ लिटर, आणि तेल आउटबोर्डचंच, मोटारसायकलचं नाही. इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नको, ते ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. आपल्याकडे आता ई-२० आहे, तेव्हा कोकणातल्या श्रोत्यांनी हे दोनदा वाचा. आणि समुद्रात चालवत असाल तर दर फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवा आणि झिजलेली जस्ताची पट्टी बदला.

हिवाळाभर मी गॅरेजमध्ये ट्रान्सम कापून नवा बसवला. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, देवगडच्या सकाळी. इंजिन तेच ठेवलंय. ते दमेल तेव्हा हलकं ६० चं फोर-स्ट्रोक लावीन, कारण चार लिटरमागे एक लिटर तळ्यात सोडणं मला आता खटकतं.

मे महिन्यात बोट पुन्हा पाण्यात उतरवली. बाबांना फोन लावला आणि कॅमेरा इंजिनाच्या मागे धरला. फवारा नीट उडत होता.

ते म्हणाले, "पाणी मारतंय. आता दुसरं वल्हं घे."

घेतलंय. भेटूया पुढच्या भागात. तुमच्या गावच्या होडीवर कुठलं इंजिन आहे ते मला नक्की कळवा.