जंजिऱ्याच्या नाझली बेगम

उर्दूच्या तासाला सफरनामा शिकवताना मी मुलींना हमखास विचारते, ‘आपल्या महाराष्ट्रातील कोणत्या बेगमने शंभर वर्षांपूर्वी युरोपचा सफरनामा उर्दूत लिहिला?’ उत्तर येत नाही. मुरूड-जंजिरा मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. सहलीला जाऊन आलेल्या मुली किल्ल्यावरच्या तोफांबद्दल भरभरून बोलतात.

नाझली रफिया बेगम यांचा जन्म १८७४ साली इस्तंबूलचा. वडील हसनअली फैजहैदर तेथे व्यापार करीत. मुंबईचे तय्यबजी घराणे नात्यातले. झोहरा आणि अतिया फैजी या त्यांच्या बहिणी. बालवयातच नाझलींचा निकाह जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी झाला.

आमच्या कोल्हापुरात १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. तेव्हा समाजात मुलांच्याच तालमीची वानवा होती, मुलींची गोष्ट दूरच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, नाझली बेगम नवाब आणि अतियांसह युरोपला गेल्या. त्या प्रवासाची हकिकत त्यांनी ‘सैर-ए-युरोप’ या पुस्तकात लिहिली.

पण संस्थानाला वारस हवा होता आणि बेगमना मूल नव्हते. १९१३च्या सुमारास नवाबांनी दुसरा निकाह केला, पहिला संसार तलाकने संपला. १९१४ मध्ये वारस जन्मला. जंजिऱ्याच्या वंशावळी तेथून सरळ पुढे जातात. नाझली बेगम मागे राहतात.

वास्तविक त्या पुढे पन्नासहून अधिक वर्षे जगल्या. मुंबईत अतिया आणि त्यांचे चित्रकार पती सॅम्युअल रहमीन यांच्यासह कलावंतांच्या, साहित्यिकांच्या मैफलीत वावरल्या. फाळणीनंतर हे तिघे कराचीला गेले. तेथील अखेरचे दिवस हलाखीचे होते. १९६८ मध्ये नाझली बेगम यांचा इंतकाल झाला.

मूल नाही म्हणून आजही आपल्या मोहल्ल्यातील एखादी बाई माहेरी परत येते. मग तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिचे नाव, सारे ‘सोडलेली’ या एका शब्दाखाली गाडले जाते. नाझली बेगमचे बेगमपद नवाबाच्या मर्जीने गेले. १९४८ मध्ये खुद्द संस्थानही विलीन झाले. पुस्तक मात्र त्यांच्याच नावावर आहे. वर्गातील मुलींना ते नाव पाठ व्हावे, एवढीच माझी आरजू आहे.